वय चोवीस, मग हृदयाची तपासणी कशाला?

दारव्हा तालुक्यातील एका वाचक बंधूंनी आमच्याकडे विचारणा केली आहे. त्यांच्या मुलीला तीन वर्षांपासून ल्युपस नावाचा आजार आहे. वय चोवीस. औषधे चालू आहेत, सांधे बरे आहेत, तोंडावरचा डागही फिका पडला आहे. अशात मोठ्या दवाखान्यातील डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची तपासणी, छातीचा कार्डिओग्राम आणि दर खेपेला बी.पी. मोजणे असे चिठ्ठीवर लिहून दिले. वडील विचारतात, कोलेस्टेरॉल हा तर तूप-लोणी खाणाऱ्या, गादीवर बसणाऱ्या माणसाचा आजार. आमच्या घरी तेल मोजून वापरतात, पोरगी काडीसारखी. मग ही तपासणी बिल वाढविण्यासाठी तर नाही ना?

प्रश्न रास्त आहे. गरीब माणूस दवाखान्याच्या पायरीवर इतक्या वेळा फसला आहे की, त्याने प्रत्येक चिठ्ठीकडे संशयाने पाहिले तर त्यात त्याचा दोष नाही. पण या चिठ्ठीच्या बाबतीत डॉक्टर बरोबर आहेत, आणि ते का बरोबर आहेत हे घरातल्या सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. आम्ही काही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर, दिवसभर कचेरीत आकडे लिहिणारे. परंतु हा विषय बराचसा आकड्यांचाच आहे. रिपोर्टवरचा एक आकडा पाहून घरातली माणसे निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो, म्हणून हे सदर आज या विषयाला दिले आहे.

आधी ल्युपस म्हणजे काय ते पाहू. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. या आजारात ती फौज आपल्याच घरावर चालून येते. सांधे, कातडी, मूत्रपिंड, फुप्फुसाचे व हृदयाचे आवरण, रक्त, मेंदू, कुठेही. दहा रुग्णांत सुमारे नऊ बाया असतात आणि आजार बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात सुरू होतो. म्हणजे पोरगी शिकते आहे, लग्नाची आहे किंवा कडेवर लेकरू आहे, अशा वेळी. हा संसर्गाचा रोग नव्हे. एकाच ताटात जेवल्याने, एका खाटेवर झोपल्याने तो लागत नाही. ल्युपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिले, असे सांगतात.

पुस्तकात लिहिलेले असते की, दोन्ही गालांवर फुलपाखराच्या आकाराचे लाल चट्टे येतात. ही पुस्तके गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर तो चट्टा लाल दिसत नाही. तो काळपट, जांभळट दिसतो. घरचे म्हणतात उन्हाने रापली, वांग आले. कुणी महारोगाचा संशय घेतो आणि पोरगी तोंड लपवू लागते. बारीक ताप, थकवा, केस गळणे, बोटांचे सांधे सकाळी आखडणे, तोंडात फोड, अशा तक्रारी घेऊन ती गावोगाव फिरते. कधी वात म्हणून, कधी टायफॉईड म्हणून, कधी क्षयरोग म्हणून उपचार होतात. काही घरांतून अंगारा-धुपाऱ्यावरही वर्ष जाते. आपल्या घरांतून तरी हे बंद व्हायला हवे होते, पण आम्ही पाहतो की, दुखणे लांबले म्हणजे शिकलेली माणसेही रात्रीच्या अंधारात कुठेतरी जाऊन येतात.

ऊन हा या आजाराचा मोठा वैरी आहे. उन्हातील अतिनील किरणांनी आजार उसळतो. आपल्या जिल्ह्यातील बाईने ऊन कसे टाळावे? आषाढ-श्रावणात निंदण, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत परतणे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे, शेल्याने तोंड-मान झाकणे, एवढे तरी होते. पण रोजगारीवर जाणाऱ्या बाईला अकराला घरी कोण सोडतो, हाही प्रश्न आहेच. तिथे तिच्या सोबतच्या बायांनी आणि घरच्यांनी तिला सावलीतील काम मिळवून दिले पाहिजे.

असे रुग्ण असतात तरी किती? डॉ. मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दिल्लीजवळच्या पाहणीवरून लाखाला सुमारे ३.२ असा आकडा दिला होता. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार भरली. त्याच दराने हिशोब केला तर जिल्ह्यात ८८-८९ रुग्ण येतात. हा आमचा कागदावरचा हिशोब आहे, आणि न ओळखले गेलेले रुग्ण कोणत्याच हिशोबात येत नाहीत. तरी एवढे समजते की, मोठ्या गावात एखादी, तालुक्यात पाच-सहा अशा या पोरी विखुरलेल्या आहेत. एकीला दुसरीची माहिती नसते. अमेरिकेतील गायिका सेलेना गोमेझ हिलाही हाच आजार आहे आणि त्यापायी २०१७ साली तिचे मूत्रपिंड बदलावे लागले. आजकालच्या मुलींना तिचे नाव माहीत असते, म्हणून सांगितले.

आता हृदयाकडे येऊ. १९५० च्या सुमारास ल्युपस झालेल्या रुग्णांपैकी निम्मे चार-पाच वर्षांत दगावत. मूत्रपिंड निकामी होई किंवा जंतुसंसर्ग होई. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हरग्रेव्हज यांना या आजाराची खूण दाखविणाऱ्या पेशी सापडल्या. त्याच सुमारास कॉर्टिझोन हे स्टेरॉइड औषध आले, ज्याच्या शोधाबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक दिले गेले. त्यानंतर रुग्ण जगू लागले. आज चांगले उपचार मिळाले तर नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षे आणि पुढे कितीतरी वर्षे जगतात. पण माणसे जगू लागली तेव्हा एक नवीच गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली.

कॅनडातील टोरोंटो येथे डॉ. युरोविट्झ यांनी ८१ रुग्णांवर लक्ष ठेवले होते. १९७६ साली त्यांनी आपली नोंद प्रसिद्ध केली. ८१ पैकी ११ जण वारले होते. त्यांतील सहा पहिल्या वर्षातच गेले. ल्युपस भडकलेला होता आणि बहुतेकांना जंतुसंसर्ग झाला होता. उरलेले पाच सरासरी साडेआठ वर्षांनी गेले. त्या पाचांपैकी एकाचाच ल्युपस तेव्हा जोरात होता. मात्र पाचही जणांना नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला होता. आजार शांत, रुग्ण घरी कामाला लागलेला, आणि मृत्यू दुसऱ्याच दाराने आत आलेला.

पुढे १९९७ साली पिट्सबर्गच्या डॉ. मांझी यांनी ल्युपस असलेल्या ४९८ बायांचा अभ्यास मांडला. ३५ ते ४४ या वयात, त्याच वयाच्या इतर बायांच्या तुलनेत, झटका येण्याचे प्रमाण पन्नास पटींहून अधिक निघाले. हा आकडा वाचून कुणी घाबरून जाऊ नये, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. त्या वयाच्या निरोगी बाईला हृदयविकार क्वचितच होतो, त्यामुळे पट मोठी दिसते. ४९८ पैकी ३३ बायांना झटका किंवा हृदयाचे दुखणे झाले होते, म्हणजे बहुतेकींना झाले नव्हते. पण ज्यांना झाले त्यांचे वय पाहा. २००३ साली अमेरिकेतील आणखी एका अभ्यासात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चुना मोजला. ल्युपसच्या ६५ रुग्णांपैकी २० जणांत तो सापडला, आजार नसलेल्या ६९ पैकी फक्त ६ जणांत. हे रुग्ण हृदयविकाराची तक्रार घेऊन आलेले नव्हते.

असे का होते? इथे कोलेस्टेरॉल येते. कोलेस्टेरॉल ही काही विषारी वस्तू नव्हे. पेशी बांधायला, शरीरातील रस बनवायला ते लागते, आणि त्याचा मोठा वाटा आपले यकृत स्वतःच तयार करते. तूप न खाणाऱ्याच्या रक्तातही ते असतेच. काडीसारख्या पोरीच्याही असते. ते रक्तातून नेण्या-आणण्यासाठी गाड्या लागतात. आपल्याकडे कापसाचा हंगाम असला म्हणजे भरलेल्या बंड्या रस्त्याने जातात आणि वाटेत कापूस सांडतो, तसे समजा. माल बाहेर नेणाऱ्या भरल्या गाड्या म्हणजे एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात. सांडलेला माल उचलून परत यकृताकडे आणणाऱ्या गाड्या म्हणजे एचडीएल, चांगले कोलेस्टेरॉल. भरल्या गाड्या फार झाल्या किंवा रस्ता उखडलेला असला की माल सांडून रक्तवाहिनीच्या अस्तरात रुततो. वर्षानुवर्षे त्याची गाठ वाढते. एक दिवस ती फुटते, तिच्यावर रक्त गोठते आणि हृदयाचा रक्तपुरवठा थांबतो.

ल्युपसमध्ये रस्ताच उखडलेला असतो. शरीराची फौज आपल्याच रक्तवाहिन्यांच्या अस्तराला ओरखडत असते, म्हणून गाड्या कमी असल्या तरी माल रुततो. शिवाय आजार भडकला की चांगले कोलेस्टेरॉल उतरते आणि ट्रायग्लिसराइड नावाची चरबी चढते. आणखी एक गोष्ट म्हणजे, कित्येक ल्युपस रुग्णांत चांगल्या कोलेस्टेरॉलच्या गाड्या मोजायला पुऱ्या असतात, पण त्यांची धुरी मोडलेली असते. रिपोर्टवर आकडा ठीक, काम मात्र होत नाही. आमच्या कचेरीच्या भाषेत बोलायचे तर हा नुसती अखेरची शिल्लक पाहून खाते बरोबर म्हणण्याचा प्रकार झाला. आतल्या नोंदी तपासल्याशिवाय ताळेबंदावर सही करू नये, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवितात.

म्हणून कुणी म्हणेल की, एकूण कोलेस्टेरॉल १८० आले, दोनशेच्या आत आहे, झाले, तर ते पुरेसे नाही. रिपोर्टमध्ये चार आकडे असतात ते सगळे वाचावेत. साधारणपणे एकूण २०० च्या आत, एलडीएल १०० च्या आत, बायांचे एचडीएल ५० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे असे मानतात. ल्युपसच्या रुग्णाला यापेक्षा कडक मर्यादा घालायची का, हे डॉक्टर बाकीच्या गोष्टी पाहून ठरवितात. आणि त्या बाकीच्या गोष्टीच फार महत्त्वाच्या आहेत. बी.पी. १३०/८० च्या खाली राहावे असा युरोपातील संधिवात तज्ज्ञांच्या संस्थेचा २०२२ चा सल्ला आहे. साखर, वजन, तंबाखू, आणि विशेषतः लघवी. मूत्रपिंडाला ल्युपसने धरले तर लघवीतून प्रथिने वाहून जातात आणि यकृत ती तूट भरून काढण्याच्या नादात कोलेस्टेरॉलही भराभर ओतू लागते. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज, ही त्याची चिन्हे. अशा रुग्णाचे कोलेस्टेरॉल तीनशे-चारशेवर गेलेले दिसते, आणि तेथे तेल कमी करून भागत नाही. मूत्रपिंडाचाच उपचार करावा लागतो.

काही रुग्णांच्या रक्तात रक्त गोठविणारी एक अँटिबॉडी असते. तिच्यामुळे तरुण वयात लकवा होतो, पायाच्या शिरेत गाठ होते, आणि गरोदर बाईचा गर्भ पुनःपुन्हा पडतो. आपल्याकडे गर्भ पडला की सुनेच्या कुशीला दोष देतात, दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. तीन वेळा गर्भ पडलेल्या कोणत्याही बाईच्या घरी आमचे एकच सांगणे आहे की, आधी रक्त तपासा, मग तोंड उघडा.

डॉक्टर लोक झटक्याची शक्यता मोजण्यासाठी जे तक्ते वापरतात, त्यांतील जुने तक्ते अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या १९४८ पासूनच्या नोंदींवर बेतलेले आहेत. त्यांत वय, बी.पी., कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट आहे, ल्युपस नाही. चोवीस वर्षांच्या पोरीची शक्यता त्यात जवळजवळ शून्यच निघते. इंग्लंडमधील २०१७ च्या तक्त्यात मात्र ल्युपस आणि स्टेरॉइड या दोन्हींचा रकाना घातला आहे. आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बी.पी. आणि साखरेची मोफत तपासणी होते, पण त्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील माणसे मोजली जातात. ल्युपसची पोरगी त्यात आपोआप येणार नाही. आशाताईला स्वतः सांगून तिचे बी.पी. मोजून घ्यावे लागेल. खर्च काही नाही.

आता स्टेरॉइडविषयी. या गोळीने रुग्ण वाचतात आणि हीच गोळी बी.पी., साखर, वजन आणि कोलेस्टेरॉल वाढविते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून जाणते डॉक्टर आजार आटोक्यात आला की ती हळूहळू कमी करून दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणतात, जमल्यास बंद करतात. पण ते त्यांनी करायचे. चेहरा गोल झाला, लोक विचारतात, म्हणून पोरीने आपल्या मनाने गोळ्या एकदम सोडल्या तर शरीर कोसळते. कारण गोळी चालू असताना शरीर आपले स्वतःचे स्टेरॉइड बनविणे थांबविते, आणि ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. याच्या उलट दुसरा धोका बाजारात बसलेला असतो. सांधेदुखीवर एका दिवसात आराम देणारी, नाव नसलेली पुडी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. ल्युपसच्या रुग्णाला मग दोन्हीकडून स्टेरॉइड मिळते आणि डॉक्टरला पत्ता नसतो.

या आजारातील दुसरी गोळी आपल्या लोकांच्या ओळखीची निघेल. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही हिवतापाच्या क्लोरोक्विनची बहीण. १८९४ साली लंडनचे डॉ. पेन यांनी ल्युपसला क्विनिन देऊन पाहिले होते. १९५१ मध्ये डॉ. पेज यांनी हिवतापावरील मेपाक्रिनचा गुण प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून हा रस्ता रुळला. ही गोळी आजार तर आवरतेच, शिवाय कोलेस्टेरॉल व साखर थोडी खाली ठेवते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी करते. हृदयाच्या दृष्टीने ती ल्युपसच्या रुग्णाची चांगली सोबतीण आहे. वजनाच्या हिशोबाने, किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत, तिचा डोस ठरवितात. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीच्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासावेत. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनावर ही गोळी चालते अशी हाकाटी झाली, लोकांनी मेडिकलची दुकाने रिकामी केली, आणि २६ मार्चला केंद्र सरकारला तिच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. जूनमध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीने सांगितले की, दवाखान्यात भरती असलेल्या कोरोना रुग्णांना तिचा फायदा नाही. ज्यांना ती रोज लागते त्या बाया मात्र त्या दिवसांत एकेका पाकिटासाठी हिंडल्या. महिन्याची गोळी संपण्याआधी आठ दिवस नवी आणून ठेवावी, ही सवय तेव्हापासून पुष्कळांना लागली असेल.

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गोळी मग सर्वांनाच का देत नाहीत? ते करून पाहिले गेले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समध्ये २०० ल्युपस रुग्णांवर दोन वर्षे चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला. हृदयाच्या वाहिन्यांतील चुना वाढण्यात गोळी घेणारे व न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. म्हणून ज्याचा एलडीएल चढलेला आहे, मूत्रपिंड बिघडलेले आहे, झटका येऊन गेला आहे, अशांना डॉक्टर ती देतात. शेजारच्या काकांना चालू आहे म्हणून त्यांच्या पाकिटातली आणून खाऊ नये. आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. ही गोळी तसेच बी.पी.च्या काही गोळ्या त्या काळात बदलाव्या लागतात.

स्वयंपाकघरात काय करावे? तुरीचे वरण, ज्वारीची भाकर, मेथी, पालक, अंबाडी हे आपले जेवण हृदयाला चांगलेच आहे. जवसाची चटणी आपल्याकडची. तिच्यातील तेल उपयोगाचे आहे, ती ताटात राहू द्या. मासळी, अंडे चालते. मटणाची चरबी बाजूला काढावी. वनस्पती तूप घरातून हद्दपार करावे. बसस्थानकावर एकाच कढईत दिवसभर तापलेल्या तेलातील आलूबोंडा आणि पोह्यांवरची तर्री, हे आमचेही आवडते आहे, पण या रुग्णासाठी नव्हे. मीठ मोजून. पापड, लोणचे, सुकट यांतून नकळत मीठ जाते आणि बी.पी. चढते. सांधे साथ देतील तेवढे रोज चालावे, ऊन उतरल्यावर.

आणि खर्रा. यवतमाळ जिल्ह्यात यावर बोलले नाही तर लेख अपुरा राहील. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खाण्याचे हे व्यसन आता पुरुषांपुरते राहिलेले नाही. बाया दाढेला नस लावतात, गुडाखू घासतात, कुणी विचारले तर दात दुखतो म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. खर्रा कुठे मिळतो हे मात्र शाळकरी पोरालाही माहीत आहे. विडीचा धूर तेवढा हृदयाला वाईट आणि तोंडातली तंबाखू निरुपद्रवी, असा गैरसमज आहे. तोंडातल्या तंबाखूतील निकोटिनही रक्तात जाते, नाडी आणि बी.पी. वाढविते. आधीच उखडलेल्या रस्त्यावर हा आणखी एक नांगर आहे. वडील स्वतः खर्रा घोटत पोरीला पथ्य सांगणार असतील तर ती ऐकणार नाही, आणि तिचे बरोबरच राहील.

आता त्या वडिलांनी न विचारलेला प्रश्न. मुलगी लग्नाची आहे, कार्डिओग्राम काढल्याचे नातेवाइकांना कळले तर काय, ही धास्ती त्या विचारण्यामागे असावी असे आम्हांला वाटते. आमच्याकडे वधू-वर परिचयाचे काम थोडेफार येते, त्यामुळे हे आम्ही जवळून पाहिले आहे. आजार लपवून लग्न लावले जाते. पोरगी सासरी गोळ्या लपवून ठेवते, मग चुकविते, मग सोडते. चार-सहा महिन्यांत आजार उसळतो, मूत्रपिंड धरले जाते, आणि फसविले म्हणून तिला माहेरी आणून सोडतात. सांगून केलेले लग्न एखादवेळी मोडेल. पण ज्या घरी गोळीचे पाकीट मांडणीवर उघडे ठेवता येते, त्याच घरी ही पोरगी जगू शकते. ल्युपस शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, बाळंतपणे होतात, मुले चांगली निपजतात. मुलाकडच्या मंडळींनीही हे समजून घ्यावे. साखरेचा आजार असलेला मुलगा आपण चालवून घेतोच.

छातीत दुखणे हे या बायांच्या बाबतीत हसण्यावारी नेण्याचे काम नाही. बायांचा झटका पुष्कळदा सिनेमातल्यासारखा नसतो. छातीवर दाब, जबडा किंवा पाठ दुखणे, दम लागणे, घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणे. घरचे म्हणतात गॅस झाला, ओवा दे. ल्युपसमध्ये हृदयाच्या वा फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊनही छाती दुखते. ते दुखणे दीर्घ श्वास घेताना वाढते, आणि हृदयाच्या आवरणाचे असले तर पुढे वाकून बसले की कमी वाटते. कोणते कोणते हे घरी बसून ठरवू नये. १०८ ला फोन लावावा आणि दवाखान्यात पोहोचताच पहिले वाक्य हे बोलावे की, हिला ल्युपस आहे. तरुण पोरगी पाहून ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरच्या मनात हृदयविकार चटकन येणार नाही. त्या एका वाक्याने कार्डिओग्राम लवकर निघेल.

यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आहे, नागपूरला मेडिकल आहे. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट झाल्याने पोरीला नेणे थोडे स्वस्त पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास यांचा समावेश आहे. ती मुख्यतः भरती झाल्यावर कामास येते, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्डातील नावे जुळतात का हे आजच पाहून ठेवावे. लग्न झालेल्या मुलीचे नाव एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे असले की ऐन वेळी खिडकीवर अडते. कारकुनी अनुभवाने सांगतो, हे दुरुस्त करायला दोन-तीन खेपा लागतात आणि त्या रुग्ण ठणठणीत असतानाच मारायच्या असतात.

सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. सगळ्यात वर एक कोरा कागद. त्यावर तारीख, बी.पी., वजन, लघवीतील प्रथिने, कोलेस्टेरॉलचे चारही आकडे आणि स्टेरॉइड किती मिलिग्रॅम चालू आहे, असे रकाने आखा. घरात जो शाळेत जातो त्याच्याकडून भरून घ्या. दर खेपेला तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. कोलेस्टेरॉलचा रकाना वर्षातून एकदा भरला तरी बहुधा पुरतो. मूत्रपिंड धरले असेल किंवा औषध बदलले असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा.